लेन स्टेडियम, ब्लॅक्सबर्ग : पंट असेल तेव्हा जागेवरून उठू नका

पाचपैकी पाच स्टार. आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढंच बघायचंय ते मोकळे.

भाचा इथल्या व्हर्जिनिया टेक कॉलेजात एमएस करतोय, दोन वर्षं मागे लागला होता की मामा एकदा तरी आमच्या टीमच्या अमेरिकन फुटबॉल मॅचला ये, शेवटी मागच्या ऑक्टोबरात जमलं. आम्ही हर्नडनला राहतो, तिथून चार-सव्वाचार तास लागतात, बराचसा रस्ता आय-८१, दोन्हीकडे डोंगर आणि झाडं लालपिवळी झालेली, त्यामुळे ड्रायव्हिंगचा कंटाळा येत नाही. मॅच शनिवारी आणि हिचा शनिवार असतो, म्हणून डब्यात साबुदाण्याची खिचडी. पार्किंगमध्येच गाडीची डिकी उघडून खाल्ली, आजूबाजूला सगळे शेगड्या लावून मांस भाजत होते, शेजारचे एक आजोबा येऊन विचारून गेले की हे पांढरं काय आहे, चमचाभर दिली तर परत मागितली. टर्कीची भाजलेली अख्खी तंगडी ही इथली खासियत आहे, आतल्या स्टॉलवर मिळते, मी आणि भाच्याने एकात दोघांनी भागवलं, धुराचा वास मस्त मुरलेला.

पण मला लिहायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. स्टेडियमच्या रस्त्याचं नाव आहे बीमर वे, आणि बाहेर फ्रँक बीमर यांचा ब्राँझचा पुतळा आहे. मी विचारलं हा कोण, क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून टीम चालवणारा, होता का? भाचा म्हणाला, नाही रे मामा, इथला कोच, आणि याची ओळख म्हणजे स्पेशल टीम्स.

आता ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी. अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत, म्हणजे डाऊनमध्ये, दहा यार्ड पुढे जायचं असतं, तीन प्रयत्नांत नाही जमलं तर चौथ्याला बहुतेक टीम बॉल लाथेने लांब उडवून समोरच्याला देऊन टाकतात, तो पंट. गोलवर मारतात तो फील्ड गोल. आणि खेळ सुरू करताना मारतात तो किकऑफ. हे सगळं करणारी जी पोरं आत येतात ती स्पेशल टीम, आणि तेवढ्यात अर्धं स्टेडियम कॉफी आणायला उठतं. क्रिकेटमध्ये जसं बॅटिंग बोलिंगचं कौतुक आणि फील्डिंग गृहीत धरलेली, तसंच. आपल्या एकनाथ सोलकरांचं बघा, २७ टेस्टमध्ये ५३ कॅच, त्यातले कितीतरी शॉर्ट लेगला बॅटच्या पुढ्यात उभं राहून, १९७१ ला ओव्हलवर ॲलन नॉटचा घेतलेला कॅच आमचे वडील अजून हाताने करून दाखवतात. पण स्कोअरकार्डात त्यांच्या रन आणि विकेटच आधी शोधल्या जातात. स्पेशल टीम्सच्या कोचचं करिअर असंच असतं. सगळं बरोबर झालं तर कुणाला नावही कळत नाही, एक स्नॅप, म्हणजे किक मारणाऱ्याकडे मागे फेकलेला बॉल, डोक्यावरून गेला की दुसऱ्या दिवशी सगळीकडे तेच.

बीमर मूळचे इथलेच, व्हर्जिनियातल्या फॅन्सी गॅपजवळचे. सात वर्षांचे असताना घराजवळ कचरा जाळत होते, झाडूने विस्तव ढकलत होते, तो पेटता झाडू गॅरेजमध्ये पेट्रोलच्या डब्याजवळ गेला आणि भडका उडाला, मोठ्या भावाने जमिनीवर लोळवून वाचवलं. मानेवर खुणा कायमच्या राहिल्या. पुढे याच कॉलेजात २५ नंबरच्या जर्सीत खेळले, मग शाळेत असिस्टंट कोच, मेरीलँडला ग्रॅज्युएट असिस्टंट, द सिटाडेलला सहा वर्षं, मरे स्टेटला हेड कोच, आणि १९८७ ला परत इथे. पहिल्या सहा वर्षांत २४ जिंकल्या, ४० हरल्या, १९९२ ला तर ११ पैकी फक्त २ जिंकल्या. आजच्या हिशोबाने दोनदा काढून टाकला असता माणूस. पण कॉलेजने ठेवला, आणि १९९३ पासून निवृत्तीपर्यंत सलग २३ वर्षं टीम बोल गेममध्ये, म्हणजे सीझन संपल्यावर चांगल्या टीमना मिळणाऱ्या खास मॅचमध्ये.

त्यांनी केलं काय तर हेड कोच असून स्पेशल टीम्स स्वतःच्या हातात ठेवल्या, बहुतेक ठिकाणी ते काम कुठल्या तरी ज्युनिअर असिस्टंटच्या गळ्यात जास्तीचं म्हणून मारायचे. आणि तिथे उरलेसुरले खेळाडू न घालता डिफेन्समधले चांगल्यातले चांगले घातले. त्यांच्या काळात टीमने शंभराच्या वर किक अडवल्या, लोक त्याला बीमरबॉल म्हणायचे. १९९५ चा शुगर बोल, समोर टेक्सास, ०-१० ने मागे, आणि ब्रायन स्टिल पंट घेऊन ६० यार्ड पळाला, तिथून मॅच फिरली, २८-१० ने जिंकले. आणि ज्या मॅचसाठी त्यांचं काळीज तुटलं असेल ती पण स्पेशल टीम्सनेच घालवली हो. १९९९ च्या सीझनमध्ये ११-० होते, एकही हरले नव्हते, मायकेल व्हिक क्वार्टरबॅक, फायनल फ्लोरिडा स्टेटशी, तर त्यांनी यांचाच पंट अडवून टचडाउन केला, म्हणजे बॉल गोलरेषेपार नेला, आणि वर एक पंट ५९ यार्ड परत आणला. २९-४६. वाईट वाटलं मला ऐकताना, ज्या गोष्टीवर माणूस उभा राहिला तीच तिथे निसटली.

त्या टीममध्ये त्यांचा मुलगा शेन होता, लाँग स्नॅपर. म्हणजे वाकून दोन पायांमधून बॉल मागे फेकणारा. हे मी जवळून बघितलं, आणि तुम्हीपण बघा, मॅचच्या तासभर आधी आत जाऊन कडेच्या खालच्या रांगेत उभे राहा. एक पोरगं पाय फाकवून वाकलेलं, मान खाली, उलटं बघतंय, पंधरा यार्ड मागे पंटर हात पसरून, आणि फट्ट असा तळव्यांवर बॉल आदळल्याचा आवाज. मग परत. परत. मी तीस मोजले आणि सोडून दिलं, प्रत्येक वेळी बॉल उजव्या कमरेपाशीच. कोच शेजारी स्टॉपवॉच घेऊन, एकदाही ओरडला नाही, फक्त आकडा सांगत होता.

शेनचं करिअर बघितलं की या धंद्यातली भटकंती कळते. जॉर्जिया टेक, टेनेसी, मिसिसिपी स्टेट, साऊथ कॅरोलिना, वडिलांच्या हाताखाली व्हर्जिनिया टेक, जॉर्जिया, ओक्लाहोमा, सात कॉलेजं वीस वर्षांत, प्रत्येक वेळी घर उचलून. जॉर्जियाला स्पेशल टीम्स कोऑर्डिनेटर असताना १ जानेवारी २०१८ चा रोझ बोल, दुसरा ओव्हरटाइम, ओक्लाहोमाचा फील्ड गोल जॉर्जियाच्या लॉरेन्झो कार्टरच्या हाताला लागला, जॉर्जिया ५४-४८. आणि पुढच्याच सीझनला हा त्याच ओक्लाहोमाच्या स्टाफवर! २०२१ पासून साऊथ कॅरोलिनाचा हेड कोच आहे. नियम बदलून २०१८ ला दहावा असिस्टंट ठेवायची परवानगी मिळाली, तेव्हा बऱ्याच कॉलेजांनी ती जागा स्पेशल टीम्सच्या पूर्णवेळ कोचला दिली, त्याआधी हे लोक टाइट एंड किंवा रनिंग बॅक अशा जागांवरचे खेळाडू सांभाळून उरलेल्या वेळात हे करायचे. मला ते फार मनापासून पटलं.

बीमर २०१५ ला थांबले, तेव्हा इथल्या २३८ विजयांची नोंद त्यांच्या नावावर होती. त्यानंतरच्या वर्षापासून २५ नंबरची जर्सी स्पेशल टीम्समधल्या एकाला द्यायची पद्धत सुरू झाली, त्या त्या आठवड्यात ज्याने कमावली त्याला. पुतळ्यापेक्षा हा मान मला मोठा वाटतो.

बाकी सोयीचं : बाकं कडक आहेत, गादी न्या. पारदर्शक पिशवीच आत सोडतात. टीम बोगद्यातून आत येते तेव्हा साठ-पासष्ट हजार माणसं एका गाण्यावर उड्या मारतात, पायाखालचं काँक्रीट खरंच हलतं, हिने माझा दंड धरून ठेवला होता. राहायचं बुकिंग चार महिने आधी करा, आम्ही उशीर केला आणि तासाभरावरच्या एका हॉटेलात तिप्पट भाव देऊन गळका नळ मिळाला.

तिसऱ्या क्वार्टरला चौथा डाऊन आला, मी सवयीने कॉफीसाठी उठलो, भाच्याने बाही ओढून खाली बसवलं. मामा, आत्ता नाही. पोरगं वाकलं, फट्ट, बॉल वर, इतका वर की दिव्यांच्या पलीकडे गेल्यासारखा, आणि खाली येऊन तीन यार्डाच्या रेषेपाशी पडला, आपल्या एका पोराने गोलरेषेच्या आत जायच्या आधी त्यावर पोटावर झेप घेतली. स्कोअर काहीच बदलला नाही, फक्त समोरच्यांना आता जवळजवळ अख्खं मैदान पार करायचं होतं. पण आमच्या मागची सगळी रांग उभी राहून ओरडत होती, आणि मीपण.