कुप्यासाठी परवडणारे रील आणि रॉड: सांगलीच्या हौशी मासेमाराची पारख

सांगली-सातारा भागात गळाची हौस असणाऱ्यांची साधने कृष्णा, वारणा आणि कोयनेच्या पाण्याला जोखून घेतलेली असतात. रोहू, कटला आणि मरळ यांच्यासाठी ती पुरतात. पण पावसाळा सरल्यावर रत्नागिरीला किंवा मालवणला होडी ठरवून कुप्याच्या, म्हणजे ट्यूनाच्या, मागे जायचे ठरले, की तीच साधने तोकडी पडतात. ट्यूनाच्या वाटेला पहिल्यांदाच जाणाऱ्याने खिसा सांभाळून कोणते रील आणि कोणता रॉड घ्यावा, याची ही पारख आहे. यात किनाऱ्यापासून फार दूर न जाता मिळणारा, साधारण एक ते पाच किलोचा कुपा गृहीत धरला आहे. खोल समुद्रातील तीस-चाळीस किलोच्या पिवळ्या पराच्या ट्यूनासाठी लागणारी साधने वेगळी असतात आणि नवशिक्याने सध्या त्या किमतींकडे पाहूही नये.

कुपा थांबत नाही. कल्ल्यांतून पाणी खेळते राहावे यासाठी त्याला सतत पोहावेच लागते आणि त्याचे स्नायू भोवतालच्या पाण्यापेक्षा उबदार असल्याने तो सहज दमत नाही. कटला अंगाच्या भाराने तळाकडे दडपून बसतो. कुपा मात्र आमिष लागताच एका दमात लांबवर दोरी ओढत नेतो. त्या पहिल्या धावेत रॉडपेक्षा रीलचीच कसोटी लागते. म्हणून हाताशी असलेल्या पैशांपैकी दोन तृतीयांश रकमेचे रील घ्यावे आणि उरलेल्या रकमेत रॉड व दोरी बसवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानांत बहुधा याच्या उलट सल्ला मिळतो, कारण चकचकीत रॉड गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत लवकर भरतो.

रीलच्या खोक्यावर ड्रॅगचा, म्हणजे मासा ओढत असताना दोरीला अडवणाऱ्या ब्रेकचा, मोठा आकडा ठळक छापलेला असतो आणि नवा माणूस त्यालाच भुलतो. वास्तविक ३० पौंडी, म्हणजे सुमारे साडेतेरा किलोंचा ताण सोसणारी, वेणीची (ब्रेडेड) दोरी वापरायची असेल, तर ड्रॅग त्या ताकदीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश इतकाच, म्हणजे साधारण साडेतीन ते साडेचार किलोवर लावायचा असतो. त्यामुळे ड्रॅगची कमाल मर्यादा आठ किलो आहे की अकरा, याने काहीच बिघडत नाही. साडेतीन किलोच्या ताणावर दोरी न अडखळता, एकसारखी सुटते की नाही, एवढेच पाहावे. हे दुकानातच तपासता येते. रीलवर दोरी बांधावी, टोकाला स्प्रिंगचा हातकाटा लावून ओढत राहावे आणि काट्याची सुई स्थिर राहते की उड्या मारते ते पाहावे. ज्या दुकानदाराला ही तपासणी खपत नाही, त्याच्याकडे समुद्राचे रील घेऊ नये.

प्रत्यक्ष पर्यायांत सर्वांत स्वस्त म्हणजे शिमानो एफएक्स आणि त्या पंक्तीतील रीले, जी साधारण दोन-अडीच हजारांच्या आसपास मिळतात. नदीकाठी ती उत्तम, वजनालाही हलकी. मात्र त्यांचा सांगाडा ग्रॅफाइटचा असतो आणि जोराच्या ताणाखाली असा सांगाडा किंचित पिळवटतो. कुप्याच्या धावांसाठी मी त्यांची शिफारस करणार नाही. पेन पर्सूट ४ हा मधला पर्याय आहे. त्याचाही सांगाडा ग्रॅफाइटचाच असला, तरी तो खाऱ्या पाण्याचा विचार करून घडवलेला आहे आणि लहान कुप्याला तो पुरेसा ठरतो. खरी निवड मात्र पेन बॅटल ३ आणि दायवा बीजी या दोघांतच करायची आहे. दोन्ही धातूच्या सांगाड्याची आहेत आणि साधारण आठ ते बारा हजारांत बसतात. बॅटलमध्ये ड्रॅगच्या चकत्या कार्बन फायबरच्या आहेत. शिवाय त्याच्या फिरकीवर वेणीची दोरी थेट गुंडाळता येते, खाली नायलॉनचा थर द्यावा लागत नाही. बीजी फिरवायला मला अधिक मऊ वाटते आणि दिवसभर जिग (धातूचे जड आमिष) फेकून ओढायचा असेल तेव्हा हा मऊपणा मनगटाला जाणवतो. एकच घ्यायचे झाल्यास मी बीजी घेईन, पण तेवढ्याच पैशांत बॅटल समोर आले तर मन मोडून घेण्याचे कारण नाही.

रीलच्या आकाराच्या आकड्यांबाबत सावध राहावे, कारण प्रत्येक कंपनीचा ४००० सारख्याच आकाराचा नसतो. बॅटल ३ च्या ४००० आकारात ३० पौंडी दोरी सुमारे १७० मीटर मावते, तर ५००० मध्ये सुमारे २७५ मीटर. बीजीचा ४००० हा बॅटलच्या ५००० च्या जवळ जाणारा आहे. कुप्यासाठी किमान अडीचशे मीटर दोरी हवीच, तेव्हा बॅटलमध्ये ५००० आणि बीजीमध्ये ४००० घ्यावे. हँडलच्या एका फेऱ्यात दोन्हींवर नव्वद सेंटिमीटरपेक्षा जास्त दोरी येते, जे महत्त्वाचे आहे. लहान माशांच्या थव्यावर तुटून पडलेला कुपा रेंगाळणाऱ्या आमिषाकडे ढुंकूनही पाहत नाही.

रॉडवर मात्र काटकसर करता येते. लुकाना, पायोनिअर यांसारख्या आपल्याकडे सहज मिळणाऱ्या नावांमध्ये सात ते साडेसात फुटांचा, मध्यम-जड ताकदीचा, १५ ते ५० ग्रॅम आमिषासाठीचा रॉड पाहावा. निव्वळ ग्रॅफाइटपेक्षा काचतंतू मिसळलेला रॉड थोडा जड भरतो, पण होडीच्या काठावर आपटला तरी सहसा टिकतो, म्हणून नवशिक्याला तोच बरा. रॉड दोन तुकड्यांचा असावा, कारण सांगलीहून कोल्हापूर आणि आंबा घाटामार्गे रत्नागिरी गाठताना एसटीत सात फुटांचा अखंड रॉड कुठे ठेवणार? विकत घेण्यापूर्वी रॉडवरच्या, दोरी ओवायच्या प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवावा. कापसाचा धागा जिथे अडकेल, तिथे कडीला चीर आहे असे समजावे. अशी कडी वेणीच्या दोरीला दिवसभरात कापून काढते. रील धरणारी स्क्रूची पकड घट्ट आवळूनही डुगडुगत असेल, तर तो रॉड परत करावा.

ऑनलाइन दिसणारे रॉड-रीलचे जोडसंच, विशेषतः दुर्बिणीसारखे एकात एक सरकणारे, समुद्रासाठी घेऊच नयेत. त्यांच्या कड्या बहुधा नुसत्या चिकटवलेल्या असतात आणि सोबत दिलेली दोरी कशी निघेल याचा नेम नसतो. दोरी वेगळीच घ्यावी: चार पदरी वेणीची ३० पौंडी दोरी पुरते, आठ पदरीचे लाड पुढे करता येतील. टोकाला फ्लुरोकार्बनचा ३० ते ४० पौंडी, दीड मीटर लांबीचा लीडर (आमिषाकडचा पारदर्शक तुकडा) बांधावा, कारण कुप्याची नजर तीक्ष्ण असते. दोरी आणि लीडरचा हा जोड बांधायचा आणि लांब फेकण्याचा सराव हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ मोकळ्या काठावर करून घ्यावा. हलत्या होडीत हात थरथरत असताना पहिली गाठ शिकण्यात अर्थ नाही. याच संचावर नदीत मोठा कटला लागला, तर ड्रॅग हाताळण्याची आयती शिकवणीही होते.

सहल कधी करायची हेही खरेदीच्या हिशेबात धरावे. महाराष्ट्रात पावसाळ्यात, साधारण १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते आणि त्या काळात समुद्रही खवळलेला असतो. म्हणजे घाटावरच्या माणसाचे रील वर्षातील बराच काळ कपाटातच राहणार आणि अंगावर चिकटलेल्या मिठाला झिजवायला भरपूर वेळ मिळणार. यासाठी परतल्यावर त्याच रात्री ड्रॅग घट्ट करून रीलवर गोड्या पाण्याची हलकी धार सोडावी. जोराच्या फवाऱ्याने मीठ आत ढकलले जाते. मग ते पुसून सावलीत वाळवावे, दोरीच्या रोलरवर तेलाचा एक थेंब सोडावा आणि ठेवण्यापूर्वी ड्रॅग पूर्ण सैल करावा, म्हणजे चकत्या दबून राहत नाहीत.