हायकू की ओएस/टू : आधी कोणत्या प्रणालीसाठी पोर्ट करावे?

सी++ भाषा आणि क्यूटी (खिडक्या, बटणे इत्यादी बनवण्याची लायब्ररी) वापरून लिहिलेला, लिनक्सवर नीट चालणारा प्रोग्राम एकट्याने सांभाळणाऱ्या आणि तो एखाद्या जुन्या वळणाच्या, कमी वापरल्या जाणाऱ्या प्रणालीवर नेऊ, म्हणजे पोर्ट करू, इच्छिणाऱ्या प्रोग्रामरपुढे दोन चांगले पर्याय आहेत. बीओएस या बंद पडलेल्या प्रणालीचा वारसा चालवण्यासाठी २००१ मध्ये सुरू झालेली हायकू हा एक. दुसरा आयबीएमची ओएस/टू, जी २०१७ पासून आर्काओएस या नावाने विकत मिळते. माझ्या मते सुरुवात हायकूपासून करावी.

हायकूमध्ये पॉझिक्सचा (युनिक्ससारख्या प्रणालींच्या सामायिक मानकाचा) आधार भक्कम असल्यामुळे बहुतेक कोड फारसा न बदलता कंपाइल होतो. अडचणी येतात त्या ठरावीक जागी: सॉकेटची (नेटवर्क जोडणीची) फंक्शने मूळ सी लायब्ररीत नसल्याने लिंकरला (कंपाइल झालेला कोड आणि लायब्ररी जोडणाऱ्या साधनाला) नेटवर्क लायब्ररी वेगळी सांगावी लागते, आणि पॅकेजमधल्या फाइली केवळ वाचण्यापुरत्या जोडल्या जात असल्याने स्वतःच्याच फोल्डरमध्ये सेटिंग लिहिणारा प्रोग्राम तिथे अडतो. हे बदल पॅचच्या रूपाने हायकूपोर्ट्स या पोर्टच्या संग्रहातील रेसिपीत (पॅकेज कसे बनवायचे ते सांगणाऱ्या फाइलीत) ठेवता येतात. रेसिपी स्वीकारली गेली की पॅकेज हायकूडेपो या पॅकेज बसवण्याच्या प्रोग्राममधून थेट वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचते. मराठी मजकूर दाखवायचा असेल तर क्यूटी सोडू नये, कारण जोडाक्षरांची जुळणी क्यूटी स्वतः करते, तर हायकूच्या मूळ इंटरफेसमध्ये ती सोय अपुरी आहे.

ओएस/टूवर केएलआयबीसी या लायब्ररीने फोर्कसकट (चालू प्रोसेसची प्रत काढणाऱ्या फंक्शनसकट) बरेच पॉझिक्स उपलब्ध करून दिले आहे, आणि तेही अशा कर्नलवर (प्रणालीच्या गाभ्यावर) ज्याची रचना युनिक्सची नाही. हे काम खरोखर थोर आहे. क्यूटी ५ देखील तिथे पोहोचले आहे. तरीही ड्राइव्हची अक्षरे, पाथ वेगळे करणारा अर्धविराम, डीएलएलच्या (सामायिक लायब्ररीच्या फाइलीच्या) नावावरची आठ अक्षरांची मर्यादा आणि टेक्स्ट मोडमध्ये उघडल्यामुळे बिघडणाऱ्या बायनरी फाइली यांचा सोक्षमोक्ष प्रत्येक प्रोग्रामगणिक लावावा लागतो. प्रणाली ३२ बिटांची असल्याने मोठ्या प्रोग्रामला मेमरीही अपुरी पडते. शिवाय आयबीएमने कर्नलचा सोर्स कोड कधीच खुला केला नाही, त्यामुळे दोष कर्नलमध्ये निघाला तर त्याला वळसा घालण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. हायकूचा कोड एमआयटी परवान्याखाली असल्याने तिथे तो दोष स्वतः दुरुस्त करून पाठवता येतो.

ओएस/टूचे बळ स्थैर्यात आहे. १९९२ च्या २.० आवृत्तीसाठी बांधलेले ३२ बिटी प्रोग्राम आजही तिथे चालतात, तर २०२४ मध्ये पाचव्या बीटापर्यंत (चाचणी आवृत्तीपर्यंत) आलेल्या हायकूवर लायब्ररींच्या आवृत्त्या बदलल्या की पुन्हा बिल्ड करणे ओघाने येते. म्हणून एखादी संस्था ओएस/टूवर आजही काम करत असेल आणि तिला नेमका तुमचाच प्रोग्राम हवा असेल, तर हा क्रम खुशाल उलटा करावा. मात्र काम स्वीकारण्यापूर्वी प्रोग्रामला लागणाऱ्या सर्व लायब्ररी तिथे उपलब्ध आहेत का, हे एकेक करून तपासावे.