डीडॉकमधील मॅक्रो : दोन भाषांच्या दस्तऐवजासाठी वापरून पाहिल्यावर

बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या छोट्याशा कार्यालयात दुकानांच्या हिशेबाची एक लायब्ररी (इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड) डी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिली जाते. ती वापरणाऱ्यांपैकी काही जण मराठीत वाचतात, काही गुजरातीत, त्यामुळे तिचे दस्तऐवजही दोन्ही भाषांत द्यावे लागतात. त्यासाठी वेगळे साधन शोधत न बसता आम्ही डी भाषेसोबत येणारे, कोडमधल्या टिप्पण्यांतून दस्तऐवज तयार करणारे डीडॉकच वापरायचे ठरवले. हा अभिप्राय मुख्यतः त्यातल्या मॅक्रोंविषयी, म्हणजे आपल्या जागी ठरलेला मजकूर आणणाऱ्या नावांविषयी, आहे.

वॉल्टर ब्राइट यांच्या या भाषेत दस्तऐवज तयार करण्याची सोय डीएमडी या कंपायलरमध्येच (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनातच) आहे. आज्ञेत वजाचिन्हासह कॅपिटल डी लिहिला की टिप्पण्यांतून एचटीएमएल पाने तयार होतात. मॅक्रोची व्याख्या म्हणजे नाव, बरोबरचे चिन्ह आणि त्यापुढे मजकूर, एवढेच. वापरताना डॉलरचे चिन्ह देऊन कंसात ते नाव आणि पुढे आपला मजकूर लिहायचा. व्याख्येत डॉलर-शून्य म्हणजे दिलेला सगळा मजकूर, आणि डॉलर-एक म्हणजे पहिल्या स्वल्पविरामापर्यंतचा भाग. व्याख्या टिप्पणीतल्या मॅक्रो विभागात देता येतात किंवा डीडॉक हे विस्तार-नाव असलेल्या स्वतंत्र फाइलमध्ये ठेवता येतात. एकाच नावाच्या दोन व्याख्या असतील तर नंतरची चालते, आणि टिप्पणीतली व्याख्या फाइलमधल्या व्याख्येवर मात करते.

आमचे काम या फाइलींमुळेच सोपे झाले. प्रत्येक टिप्पणीत मराठी मजकूर एका मॅक्रोत आणि गुजराती दुसऱ्या मॅक्रोत लिहायचा. मराठी प्रतीच्या फाइलमध्ये पहिल्याची व्याख्या डॉलर-शून्य आणि दुसऱ्याची कोरी, गुजराती प्रतीच्या फाइलमध्ये नेमके उलट. पारिभाषिक शब्दांसाठीही मॅक्रो केले. पूर्वी एकाच पानावर कुठे ‘शिल्लक’, कुठे ‘बाकी’, तर कुठे ‘उरलेली रक्कम’ असे. आता मराठी प्रतीत सर्वत्र ‘शिल्लक’ येते आणि गुजरातीत ‘सिलक’. जावा भाषेच्या जावाडॉक या अशाच साधनात ओळीच्या मध्ये येणारा असा स्वतःचा टॅग हवा असेल तर त्यासाठी जावात टॅगलेट नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहावा लागतो; इथे एक ओळ पुरते.

तक्रारी मात्र आहेत, आणि त्यातली पहिली गंभीर आहे. व्याख्या नसलेल्या मॅक्रोच्या जागी डीडॉक काहीही ठेवत नाही आणि त्याबद्दल चकार शब्दही काढत नाही. माझ्याकडून एका ठिकाणी ‘शिल्लक’च्या मॅक्रोचे नाव एका अक्षराने चुकले, आणि छापील प्रतीत वाक्य उमटले : ‘महिनाअखेरची ऋण असू शकत नाही.’ चूक माझीच होती, पण कंपायलरने एक ओळ तरी सुनवायला हवी होती. कोरी व्याख्या जाणूनबुजून देणे आणि व्याख्या मुळीच नसणे, यांत साधनाला फरक वाटत नाही. आमची द्विभाषिक युक्ती पहिल्यावर उभी आहे आणि आमचा घोटाळा दुसऱ्यातून झाला.

दुसरी अडचण मराठी लिहिणाऱ्यांना विशेष जाणवेल. मुद्दे ‘अ)’, ‘आ)’ असे लिहायची आपली सवय आहे, आणि मॅक्रोच्या आत तो एकटा कंस मॅक्रोच बंद करून टाकतो. त्यामुळे पहिल्या मुद्द्याच्या अक्षरापुढचा सगळा मराठी मजकूर गुजराती प्रतीतही उतरला. इशारे चालू ठेवले असतील तर बेवारस कंसाबद्दल कंपायलर सांगतो, आणि त्यासाठी आरपॅरेन नावाचा तयार मॅक्रो आहे. पण मुद्द्यागणिक तो लिहिण्यापेक्षा आम्ही ‘अ.’, ‘आ.’ असे लिहू लागलो. सुरुवातीला डॉलर-शून्याऐवजी डॉलर-एक लिहिल्यामुळे प्रत्येक वाक्य पहिल्या स्वल्पविरामाशीच संपत होते, ते वेगळेच.

एचटीएमएलचा लांब टॅग व्याख्येत दोन ओळींत मोडतानाही जपावे. पुढची ओळ एखाद्या गुणधर्माच्या नावाने आणि बरोबरच्या चिन्हाने सुरू झाली, तर डीडॉक तिला नव्या मॅक्रोची व्याख्या समजते. आमच्या तक्त्यांची चौकट यामुळेच नाहीशी झाली होती आणि अर्धा दिवस आम्ही पानांचे रूप ठरवणारी स्टाइलशीट तपासत बसलो होतो.

एवढे असूनही साधन बदललेले नाही. आता पाने तयार करण्याआधी एक छोटी स्क्रिप्ट टिप्पण्यांतली सगळी मॅक्रो-नावे गोळा करते आणि आमच्या व्याख्यांशी व डीडॉकच्या तयार मॅक्रोंच्या यादीशी ताडून पाहते. जुळत नसलेले नाव सापडले की काम तिथेच थांबते. पाचपैकी साडेतीन तारे. उरलेल्या दीडपैकी एक या स्क्रिप्टचा, जी आम्हाला लिहावी लागायला नको होती.