ई-रीडरवर कोश कोणता टाकावा?

उदगीरचा भाचा स्पर्धा परीक्षेसाठी इंग्रजी वाचतो आणि जीव रमवायला मराठी. ‘मामा, एकच चांगला कोश सांगा,’ म्हणाला. एकावर भागत नाही बाबा.

इंग्रजीचं सोपं आहे. किंडलमध्ये (ॲमेझॉनचं पुस्तकं वाचायचं यंत्र) ऑक्सफर्डचा कोश मिळतो. ‘वेन्ट’वर बोट दाबून धरलं की ‘गो’ उघडतो. कोबो या दुसऱ्या ई-रीडरवर केओरीडर हे पुस्तकं वाचायचं फुकट ॲप टाकलं तर स्टारडिक्ट पद्धतीच्या फायलींतले फुकट कोश चालतात. त्यातला १९१३ चा वेब्स्टर अर्थ ऐसपैस सांगतो, पण नंतर आलेले शब्द त्यात कुठून असणार? वर्डनेट आटोपशीर, मात्र त्यात नाम, क्रियापद, विशेषण आणि क्रियाविशेषण एवढंच. ‘फ्रॉम’, ‘विथ’ असले शब्द नाहीत. परीक्षेवाल्यानं ऑक्सफर्ड सोडू नये.

खरी गोची मराठीत. मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) अर्थ इंग्रजीत देतो, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश मराठीतच. मला दुसरा जवळचा. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दोन्ही शोधता येतात, पण त्याला नेट लागतं आणि आमच्या शिवारात रेंज असली तर असली. यंत्रात उतरवायला मोल्सवर्थ स्टारडिक्टमध्ये मिळतो. स्कॅन केलेली पीडीएफ मात्र घेऊ नका. तिच्यात बोट दाबून शब्द सापडत नाही, पानंच चाळावी लागतात.

तरी अडतंच. परवा वाचताना ‘बारवेच्या पायऱ्यांवर’ आलं. आमच्या मराठवाड्यात बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, कुणाला सांगायला नको, तरी सहज दाबून पाहिलं. ‘बारवेच्या’ सापडलं नाही, ‘पायऱ्यांवर’ही नाही. कोशात ‘बारव’ आणि ‘पायरी’ आहेत. सामान्यरूप झालं की यंत्र गोंधळतं. प्रत्यय खोडून मूळ शब्द हातानं टाकावा लागतो. म्हणून मराठी कोश निवडताना शब्दसंख्येवर भुलू नका. त्यासोबत ‘एसवायएन’ (.syn) शेपटाची फाइल आहे का ते बघा. रूपं मूळ शब्दाला जोडलेली असली तर बहुधा त्यातच असतात.

किंडलवर आणखी एक भानगड: पुस्तकाची भाषा चुकून इंग्रजी नोंदलेली असेल तर मराठी शब्दासाठीही ऑक्सफर्डच उघडतो. संगणकावरच्या कॅलिबर या ई-पुस्तकांच्या सॉफ्टवेअरमध्ये भाषा बदलून घ्यावी. आणि किंडलवर केओरीडर टाकायचं तर जेलब्रेक, म्हणजे कंपनीनं घातलेलं कुलूप तोडणं, लागतं. नव्या यंत्राशी तो खेळ मी तरी करणार नाही.

भाच्याला म्हटलं, आधी अँड्रॉइड फोनवर केओरीडर फुकट टाकून चार मराठी पानं वाच, मग यंत्र घे.