सफकच्या जुन्या घराला चुन्याचं पॉइंटिंग: नऊ महिन्यांनंतर

घर इंग्लंडमधल्या सफक परगण्यातल्या खेड्यातलं, अठराव्या शतकातलं, ग्रेड 2 यादीतलं, म्हणजे कायद्याने जपलेल्या वास्तूंच्या यादीतलं. भिंत 9 इंची, भरीव. फ्लेमिश बाँड, म्हणजे प्रत्येक थरात एक वीट लांबीने, पुढची टोकाने. विटांमधल्या सिमेंटच्या दरजा (सांधे) काढून एनएचएल 2 चुना (पाण्याने घट्ट होणारा नैसर्गिक चुना) आणि दाणेदार वाळू 1:3 प्रमाणात भरली. मध्ये एक अख्खा हिवाळा गेला.

सिमेंट का काढलं, ते खिडकीखाली दिसत होतं. आठ-दहा विटांचा दर्शनी पापुद्रा गळून आत लाल भुगा झालेला, आणि दरजा मात्र जाळीसारख्या शाबूत पुढे आलेल्या! मऊ विटेत शिरलेल्या पाण्याला दरजेतून वाट मिळाली नाही की ते विटेतूनच निघतं आणि थंडीत तिथेच गोठतं. झिजायचं ते दरजेने, विटेने नव्हे. आपल्याकडे वाड्यांच्या चुन्याच्या भिंती दुरुस्त करणाऱ्यांना हे ठाऊक आहे.

ग्राइंडर अजिबात लावू देऊ नका. उभी दरज जेमतेम अडीच इंचांची, चकती वरखालची वीट कापतेच. अरुंद छिन्नी आणि हातोडीच हवी. खोली किमान 25 मिमी. भरण्याआधी भिंत भिजवा. अंगठा रुतत नाही पण नखाचा ओरखडा उठतो, त्या वेळी ताठ ब्रशने ठोका. वाळूचा दाणा वर दिसायला हवा. थापीने घोटून गुळगुळीत केलं तर चुन्याची साय वर येते आणि ओल आत अडते.

बिघडली ती दक्षिणेची एक पट्टी. भर उन्हात भरली, वरचं गोणपाट दुपारीच सुकलं. दोन आठवड्यांनी नखाने वाळू सुटायला लागली. सगळी उकरून पुन्हा भरावी लागली. गोणपाट आठवडाभर ओलं ठेवा आणि तापमान 5 अंशांखाली जाणार असेल तर काम काढूच नका.

आतली ओल सावकाश उतरते. इंचाला एक महिना हा ठोकताळा इथे बरोबर निघाला. फक्त प्लास्टिक इमल्शन रंग होता तिथे फुगे येतच राहिले; तो खरवडून चुन्याची सफेदी दिल्यावर थांबले.

यादीतल्या घराचं स्वरूप बदलणारं काम विनापरवाना करणं 1990च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून स्थानिक काउन्सिलच्या कॉन्झर्व्हेशन (वास्तुजतन) अधिकाऱ्याकडून आधी लेखी उत्तर घ्या आणि चौरस मीटरभर नमुना भरून दाखवा. वाळूचा रंगही तेव्हाच ठरतो.