सिमवाला ब्लिंकर दिवा, ८ महिन्यांनंतर: दिवा कामाचा पण सेलचं काय?

गाडी रस्त्यात बंद पडली की छतावर चिकटवायचा हा लुकलुकणारा दिवा परवा उघडला तर आत सेलनी पाणी सोडलेलं, स्प्रिंग हिरवी पडलेली. मे महिना, भुसावळचं ऊन, पिकअप दिवसभर उघड्यावर आणि दिवा डॅशबोर्डच्या खणात. कंपनीला फोन केला तर म्हणे सेलमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. अहो सेल तुमच्याच डब्यातले होते आणि ही वस्तू गाडीतच ठेवायची असते ना?

राग जास्त येतो कारण फेब्रुवारीत यानेच वाचवलं. सावद्याहून केळी भरून सुरतला निघालो होतो, रात्री दीडला पारोळ्याजवळ बेल्ट तुटला. आधी काय करायचो, धोक्याचा लाल त्रिकोण घेऊन मागे ५० मीटर चालत जायचो, कंटेनर गेला की वाऱ्यानेच तो आडवा. नाहीतर दगड आणि निंबाच्या फांद्या, काम झालं की लोक दगड तिथंच सोडून जातात आणि मोटारसायकलवाला त्यावर पडतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. यावेळी काचेतून हात काढून दिवा छतावर चिकटवला आणि डाव्या दाराने उतरलो, बस. ट्रकवाले लांबूनच लेन बदलत होते. ढाब्यावरचा पोरगा पळत आला, "काय व्हयनं भाऊ?"

सिमचं मात्र मला आधी बिनकामाचं वाटलेलं. मी समजत होतो मागच्या गाड्यांना मॅपवर कळेल. तसं स्पेनमध्ये आहे, तिथं १ जानेवारी २०२६ पासून असा दिवा सक्तीचा, लोकेशन थेट वाहतूक खात्याकडे जातं आणि सिमचा १२ वर्षांचा खर्च किमतीतच. आपल्याकडचा हा फक्त आपण टाकलेल्या तीन नंबरांना मेसेज करतो आणि वर दरवर्षी ६०० रुपये रिचार्ज. पण त्या रात्री मी बोनेटमध्ये डोकं घालून होतो, तेव्हा सावद्यात भावाला मेसेज गेला, त्याने हायवेच्या हेल्पलाइनला, १०३३ ला फोन करून नेमकी जागा सांगितली आणि पेट्रोलिंगची गाडी आली. म्हणून मत बदललं, ६०० वसूल.

आता जळगावला एका रिपेअरवाल्याकडून स्प्रिंग घासून घेतली, दिवा लागतोय. तो म्हणाला उन्हाळ्यात सेल काढून ठेवा. पण मग अंधारात, मागून ट्रक येताना, प्लस-मायनस बघत सेल घालत बसायचं का? खिडकीतून दोन सेकंदात लागतो म्हणून तर घेतला होता. रिचार्ज ऑक्टोबरला संपतोय, कंपनीने सेलचं काही केलं तरच भरेन.