मेलबर्नच्या ड्राफ्टची गाइड, वाचली रेशीमबागेत

हा रिव्ह्यू एका पीडीएफचा आहे, मोबाईल नाहीतर मिक्सरचा पाहिजे असेल त्यांनी पुढं सरका भाऊ. ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा दर नोव्हेंबरात ड्राफ्ट होतो, म्हणजे क्लब पाळीपाळीनं नवीन पोरं निवडतात, आणि त्याच्या आधी तिकडचे काही येडे लोक, जे वर्षभर सतरा-अठराच्या पोरांच्या मॅचेस पाहत फिरतात, ते गाइड काढतात, कोणता पोरगा कसा खेळतो, काय पक्कं काय कच्चं, कितव्या नंबरवर जाईल वगैरे. तसली एक माझ्या भाच्यानं मेलबर्नहून घेऊन पाठवली, साडेआठशे रुपये पडले, पैसे मी दिले. नाव लिहीत नाही कारण पुढं शिव्या पण आहेत आणि बनवणारे दोन-चारच लोक दिसतात, उगाच कोणाच्या पोटावर पाय कशाला.

मी शाळेत पीटी शिकवतो, खो-खोची टीम काढतो, पंधरा-सोळा वर्षं झाली. दर वर्षी साठ पोरं येतात आणि त्यातून पंधरा ठेवायची असतात, आणि दर वर्षी एखादा चुकतोच माझा. म्हणून मला हे वाचायचं होतं, की ज्यांचं कामच हे आहे ते लोक पोरगा पाहतात कसा. भाचा म्हणे, "मामा, तुम्हाला त्या खेळाचा नियम तरी माहीत आहे का?" म्हटलं तू पाठव बे, नियम मी यूट्यूबवर पाहून घेतो.

नियमाचं थोडक्यात. मैदान ओव्हल, म्हणजे आपलं क्रिकेटचंच, एमसीजीवर खेळतात. एका बाजूनं 18 जण, दोन्ही टोकाला चार-चार खांब, मधल्या दोनमधून लाथेनं मारला की 6 पॉइंट, बाजूच्या फटीतून गेला तर 1. लीगमध्ये सध्या 18 क्लब. आणि ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखी बोली नाही, नंबर लागतो, जो क्लब टेबलात तळाला राहिला त्याचा पहिला हात. 1986 पासून चालू आहे हे. पोरगा त्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत 18 चा झाला पाहिजे, आणि नाव पुकारलं की पर्थचा पोरगा बिस्तरा गुंडाळून थेट मेलबर्नला. कुठं जायचं ते त्याला कोणी विचारत नाही. आपल्याकडे एवढं झालं असतं तर आईनं अन्न सोडलं असतं.

आता गाइड. पहिली बारा-चौदा पानं नुसत्या टेस्टच्या आकड्यांची आहेत आणि ती मी दोनदा वाचली, कारण आमच्याकडे पण हेच चालू आहे, जो उठला तो स्टॉपवॉच घेऊन. तिकडे याला कम्बाइन म्हणतात, ऑक्टोबरमध्ये असतं, 20 मीटर स्प्रिंट, उभ्यानं उडी, धावत येऊन उडी (डाव्या पायावर वेगळी, उजव्यावर वेगळी, हे मला लय आवडलं), वळणावळणाची अॅजिलिटी टेस्ट आणि 2 किलोमीटरची दौड. दमाची टेस्ट म्हणून आधी बीप टेस्ट होती, मग यो-यो आली, आता ही 2 किमी. 20 मीटर 3 सेकंदांच्या आत काढले म्हणजे पोरगा खरंच पळतो. सोबत डॉक्टर तपासतात, आणि क्लबवाले एकेका पोराला खोलीत बसवून इंटरव्ह्यू घेतात.

आकडे छान मांडलेत, पण अर्थ लावताना गाइडवाले घाबरून राहिले असं वाटलं. स्प्रिंटमध्ये पहिल्या पाचात आला की लगेच "वेगवान" म्हणून लिहून मोकळे. अरे बाप्पा, माझ्याकडे एक पोरगा होता, 30 मीटरमध्ये त्याला कोणी हात लावू शकत नव्हतं, पण खो कधी द्यायचा ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, तो आपला एकटाच खांबाला वळसा घालून घालून दमायचा आणि धावणारा निवांत साखळी खेळत बसायचा. मी त्याला तीन वर्षं टीममध्ये ठेवला, नुसत्या त्या स्टॉपवॉचपायी. तो स्टॉपवॉच अजून कपाटात आहे.

खरा माल पुढं आहे, प्रत्येक पोराचं एक-एक पान. यातली वीस-पंचवीस पानं अशी लिहिली आहेत की खेळ माहीत नसला तरी पोरगा डोळ्यासमोर उभा राहतो. 37 नंबरला एक मिडफिल्डर टाकलाय, त्याच्याबद्दल लिहिलंय की बॉल सुटला तर हा जमिनीवर पडून राहत नाही, उठतो, दुसऱ्यांदा अंगावर जातो, ते पण चुकलं तर तिसऱ्यांदा, आणि हे चौथ्या क्वार्टरमध्ये, जेव्हा बाकीचे कंबरेवर हात ठेवून उभे असतात. दुसऱ्या एकाचं लिहिलंय की दाबलं की तो दर वेळी उजवीकडेच वळतो, डाव्या पायानं मारतच नाही, वरच्या लेव्हलला पहिल्याच महिन्यात हे सगळ्यांना कळेल. हे असं स्टॉपवॉचनं दिसत नाही, थंडीत मैदानाच्या काठावर बसून पाहावं लागतं. साडेआठशेतले सहाशे मी या पानांना देतो.

अजून एक चांगलं म्हणजे प्रत्येकाची जन्मतारीख दिली आहे आणि त्यावर चार शब्द लिहिलेत. जानेवारीचा पोरगा आणि डिसेंबरचा पोरगा एकाच ड्राफ्टमध्ये असतात पण त्यांच्यात जवळपास वर्षाचं अंतर, त्या वयात एका वर्षात पोराचे खांदे भरतात. डिसेंबरवाला आज मार खातो म्हणून तो कच्चा असं नाही. हे वाचून हसू पण आलं, कारण आमच्या पिढीत अर्ध्या पोरांचा वाढदिवस गुरुजींनी 1 जून लिहून टाकलेला, त्यांच्या जन्मतारखेवरून कोण काय काढणार.

आता शिव्या. प्रत्येक पोराच्या नावाखाली एक मोठा खेळाडू चिकटवलाय, "याच्यासारखा". उंच आहे, डावखुऱ्या पायाचा आहे, झाला लान्स फ्रँकलिन. त्या फ्रँकलिननं 1066 गोल मारले आणि 2004 च्या ड्राफ्टमध्ये त्याला पाचव्या नंबरवर उचलला होता, म्हणजे चार वेळा क्लबवाल्यांनी त्याच्या ऐवजी दुसऱ्याचं नाव घेतलं. जो खरा फ्रँकलिन होता तोच त्यांना पहिल्या झटक्यात दिसला नाही आणि यांना एका गाइडमध्ये तीन-तीन दिसून राहिले. आपल्याकडे गल्लीत सरळ बॅटनं दोन फोर मारले की पुढचा सचिन, तसलंच.

आणि नंबर. एक ते साठ असे नंबर लावलेत, 22 वर हा का आणि 23 वर तो का याचं उत्तर पूर्ण गाइडमध्ये नाही. मी भाच्याला फोन लावला तर तो म्हणे मामा लोकांना नंबरच पाहिजे असतात, नंबरवर भांडता येतं. खरं आहे, पण मग 2001 ची तरी आठवण ठेवायची. त्या ड्राफ्टला तिकडे अजून सुपर ड्राफ्ट म्हणतात. पहिला ल्यूक हॉज, दुसरा ल्यूक बॉल, तिसरा ख्रिस जड, तिघं पण मोठे झाले, जडनं दोन वेळा ब्राउनलो मेडल (लीगमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूचं) घेतलं, त्याच्या खांद्यांची सगळ्यांना चिंता होती तरी. इथपर्यंत ठीक. पण त्याच वर्षी सॅम मिचेल 36 वर गेला आणि डेन स्वान 58 वर, आणि स्वानला 2011 मध्ये तेच ब्राउनलो मिळालं, मिचेलच्या नावावर पण 2012 चं आहे. 58 म्हणजे तोपर्यंत क्लबांनी 57 वेळा त्याच्या ऐवजी दुसऱ्याचं नाव घेतलं होतं. गाइडमध्ये हे सगळं एका चौकटीत टाकता आलं असतं. त्याच्या ऐवजी मागच्या वर्षी आमचे किती अंदाज बरोबर आले त्याचं अर्धं पान आहे, किती चुकले त्याचं नाही. माझ्या रजिस्टरमध्ये पण चुकलेल्यांचं पान नाही, म्हणून जास्त बोलत नाही.

दुखापतीच्या बाबतीत मात्र हे लोक प्रामाणिक वाटले. गुडघा गेलेल्या एका पोराला त्यांनी खाली ढकललं नाही, सरळ लिहिलं की यानं या वर्षी जेमतेम मॅचेस खेळल्या, आम्ही मागच्या वर्षीचं पाहून लिहितोय. जोएल सेलवुडचं असंच झालं होतं, 2006 मध्ये गुडघ्यापायी घसरत घसरत सातव्या नंबरवर जीलाँग क्लबला मिळाला, मग 355 मॅचेस आणि चार प्रीमियरशिप, म्हणजे लीगची विजेतेपदं. जीलाँगवाले अजून हसत असतील.

एक गोष्ट या गाइडमध्ये येऊच शकत नाही, त्यात त्यांचा दोष नाही. आपला उमेश यादव, वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा, अठराव्या वर्षी टेनिस बॉलच खेळत होता, लेदर बॉल हातात आला त्याच्या नंतर. 2011 मध्ये टेस्ट खेळला. अठराव्या वर्षी ड्राफ्ट असता तर कोणाच्या यादीत साठावा पण नसता तो. तिकडे यावर थोडा इलाज केलाय, 2019 पासून सीझनच्या मधातच अजून एक ड्राफ्ट घेतात, त्यात पहिल्याच वर्षी रिचमंडनं 27 वर्षांच्या मार्लियन पिकेटला उचललं आणि त्याची पहिली मॅच थेट ग्रँड फायनल, जिंकले पण. गाइडमध्ये या ड्राफ्टवर दोन ओळी आहेत फक्त.

फादर-सनचं प्रकरण पण धड समजावलेलं नाही. बापानं त्या क्लबकडून 100 मॅचेस खेळल्या असतील तर पोरावर त्या क्लबचा पहिला हक्क, पण फुकट नाही, दुसऱ्या क्लबनं त्याचं नाव घेतलं तर आपले मागचे नंबर देऊन तेवढे पॉइंट (मैदानावरचे नाही, ड्राफ्टमधल्या प्रत्येक नंबरची ठरलेली किंमत) भरायचे. 2021 मध्ये निक डेकोसचं नाव गोल्ड कोस्टनं चौथ्या नंबरवर घेतलं, कॉलिंगवुडनं पॉइंट भरून त्याला घरी ठेवला, त्याचा बाप पीटर तिथलाच मोठा खेळाडू. हे मला भाच्यानं व्हॉट्सअॅपवर चहाच्या कपांचं उदाहरण देऊन समजावलं, गाइडमध्ये नुसता एक तक्ता आहे आणि तो मोबाईलवर उघडला की अक्षरं मुंगीएवढी. शेवटी सीताबर्डीला जाऊन प्रिंट काढली, स्पायरल बाइंडिंग वेगळं. तो खर्च साडेआठशेत धरला नाही. पोरींच्या ड्राफ्टचं एक पान नाही, ते का नाही ते पण लिहिलेलं नाही, माझ्या निम्म्या टीममध्ये पोरी आहेत म्हणून खटकलं.

पाचपैकी साडेतीन देतो. घ्यायची असेल तर कम्बाइन झाल्यावर सुधारलेली कॉपी येते का ते आधी विचारून घ्या, माझी कॉपी आधीची निघाली, तिच्यातल्या टेस्ट मागच्या कुठल्यातरी कॅम्पच्या आहेत.

भाचा म्हणून राहिला की पहिल्या रात्रीचा ड्राफ्ट आपल्याकडे दुपारी दीडच्या सुमारास लागतो, म्हणजे माझा आठवीचा तास. मोबाईल खिशात ठेवीन. 37 नंबरवाल्याच्या नावाला पेन्सिलनं गोल केलाय आणि भाच्याशी पैज लावली आहे की तो पहिल्या वीसमध्ये जातो, हरलो तर पुढच्या वर्षीची गाइड पण माझ्याच पैशानं.